चांदनीचा चंद्र आणि तळणीची काच

गणेश चतुर्थीला चंद्र पाहायचा नाही, हे आपल्या घराघरांत लहानपणीच बजावलेले असते. प्रत्यक्ष श्रीकृष्णावर स्यमंतक मण्याचा आळ आला, तिथे आपली काय कथा! म्हणून आमच्या मंडळातल्या फोटोवेड्यांनी चंद्राचा नाद केला तो गेल्या कोजागिरीला. नेपानगरच्या शेजारचे स्टेशन चांदनी. नावातच चांदणे, भोवती सातपुड्याचे रान. थर्मासमध्ये आटीव दूध आणि खांद्यावर ट्रायपॉड घेऊन आम्ही सातआठ जण तिथे पोहोचलो.

फोटो साफ बिघडले. रान दिसले तिथे चंद्राच्या जागी पांढरा डाग; चंद्रावरचे डाग स्पष्ट आले तिथे बाकी सगळा काळोख. शिवाय डोळ्यांना ताटाएवढा वाटलेला चंद्र फोटोत मोहरीएवढा. दूध मात्र उत्तम झाले होते.

घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा चूक कळली. चंद्र आपल्याला रात्री दिसतो, पण त्याच्यावर पडलेले असते ऊन. त्यामुळे त्याचा फोटो जवळजवळ दिवसाच्याच मापाने घ्यावा लागतो: आयएसओ 100, भिंगाचे तोंड एफ 11, वेळ सेकंदाचा सव्वाशेवा भाग. खालच्या रानावर मात्र पडते ते चांदणे, आणि पौर्णिमेचे चांदणे उन्हाच्या सुमारे चार लाखांश. त्याच मापाने रान टिपायचे तर शटर अर्धा-पाऊण तास उघडे ठेवावे लागेल. आकाराचेही असेच. भिंगाच्या नाभीय अंतराला साधारण 110 ने भागले की चंद्रबिंब किती मोठे उमटेल ते कळते. आमची 200 मिलिमीटरची लेन्स दोन मिलिमीटरसुद्धा देत नाही.

ह्या आकडेमोडीतून आम्ही जुन्या ग्रहणांच्या हकिगतींत शिरलो आणि थेट 1898 सालात पोहोचलो. हाच पेच तेव्हा आपल्या मराठी मुलखात, भर दुपारी, जगातल्या नामांकित मंडळींना पडला होता.

22 जानेवारी 1898, शनिवार, पौष अमावास्या. खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून देशावर, तिथून वऱ्हाडात आणि पुढे मध्य प्रांतात गेली. आपला चांदनी-बुऱ्हाणपूरचा भाग त्या पट्ट्याच्या बाहेर, उत्तरेला राहिला. काळ मोठा कठीण होता. मुंबई-पुण्यात प्लेग, रँडच्या वधाला वर्षही झालेले नाही, आणि सार्वजनिक गणेशोत्सव ज्यांनी उभा केला ते लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात. अशा दिवसांत दुर्बिणींच्या पेट्या घेऊन परदेशी पथके उतरली.

विजयदुर्गला नॉर्मन लॉकियर आले. त्यांच्या मदतीला ‘मेल्पोमनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी होते. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ पुष्कळांनी पाहिले असतील. तिथेच 1868 साली लॉकियरनी हेलियम शोधला, असे सर्रास सांगितले जाते, ते बरोबर नाही. 1868 साली लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गला आले तीस वर्षांनी, या ग्रहणासाठी. कट्ट्यांचे मोल त्याने काही कमी होत नाही, पण साल तरी नीट सांगावे.

सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले. तिथेच पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांचेही पथक होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभी राहिलेली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांनी चालवली. तिथली वीस इंची दुर्बीण तेव्हा भारतातली सर्वांत मोठी होती. टिळकांचा ‘ओरायन’ ज्या काळात पुण्यात तयार होत होता, त्याच काळात नेगमवाला मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासत होते. जेऊरला त्यांनी सूर्याच्या प्रभामंडळाची छायाचित्रे आणि वर्णपट घेतले. त्याचा अहवाल 1902 साली छापला गेला.

आणि वऱ्हाडात, धामणगाव व पुलगाव यांच्यामधल्या तळणीला ब्रिटिश हौशी खगोल मंडळींचा तळ पडला. भुसावळला रेल्वेचा फाटा फुटतो. एक वाट बुऱ्हाणपूर-चांदनीवरून वर जाते, दुसरी अकोला-बडनेऱ्यावरून तळणीकडे. तळणीच्या पथकात वॉल्टर माँडर यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी ॲनी माँडर होत्या. त्या ग्रिनिच वेधशाळेत गणिताचे व छायाचित्रणाचे काम करत. 1895 साली लग्न झाले आणि तेव्हाच्या सरकारी नियमाने नोकरी सोडावी लागली. गर्टन कॉलेजच्या अनुदानातून त्यांनी एक छोटा कॅमेरा करवून घेतला होता. भिंग दीड इंचाचे, नाभीय अंतर नऊ इंच.

प्रभामंडळाचा सगळा उजेड मिळून पौर्णिमेच्या चंद्राच्या पंगतीतला असतो. सूर्याच्या कडेशी तो दाट आणि बाहेर जाता जाता हजारो पटींनी विरळ होतो. म्हणजे आमचाच चंद्र आणि रानाचा पेच, पण सुटायला वेळ जेमतेम दोन मिनिटे. कॅम्पबेलच्या कॅमेऱ्याचे भिंग पाच इंची, लांबी चाळीस फूट. काचेच्या प्लेटवर सूर्यबिंब सव्वाचार इंचांहून मोठे उमटायचे. कडेजवळचे बारकावे त्यात सुरेख येतात, पण उजेड तेवढ्याच मोठ्या जागेवर पातळ पसरतो. ॲनीबाईंच्या कॅमेऱ्यात बिंब अवघे दोन मिलिमीटर, आमच्या मोहरीएवढेच. परंतु उजेड एकवटलेला. हिशेब केला तर प्लेटवरचा उजेड त्या चाळीसफुट्यापेक्षा अडीचशे पटींच्या घरात जास्त.

आकाश निरभ्र होते. तळणीच्या त्या काचेवर प्रभामंडळाचा एक झोत सूर्यापासून सुमारे साठ लाख मैलांपर्यंत गेलेला उमटला. एवढा लांब झोत तोवर कोणाच्याही छायाचित्रात आला नव्हता. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना फेलो करून घेतले ते मात्र 1916 साली.

नेगमवालांच्या वाट्यालाही फारसे काही आले नाही. 1912 साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. तिथे ती ‘भावनगर दुर्बीण’ म्हणून ओळखली जाऊ लागली; तिच्या नावात पुणे नाही. विजयदुर्गला लॉकियरची आठवण दरवर्षी निघते. तळणीवरून नागपूरला जाता-येताना आमच्यापैकी कितीतरी जण शंभरदा गेले असतील, पण खिडकीतून बाहेर बघून कोणी कोणाला काही सांगितल्याचे आठवत नाही. आम्हीही सांगितले नाही, कारण ठाऊकच नव्हते.

यंदा आम्ही चांदनीला कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी जाणार आहोत. चतुर्दशीचा चंद्र सूर्य मावळायच्या सुमारास पूर्वेला वर आलेला असतो आणि रानावर संधिप्रकाश शिल्लक असतो. थोडा वेळ चंद्राचा आणि जमिनीचा उजेड इतका जवळ येतो की एकाच फोटोत दोन्ही मावतात. हा वेळ वीसएक मिनिटांचा. तळणीच्या मानाने चैनच म्हणायची. मोठी लेन्स उसनी आणायचा बेत रद्द केला आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी दुपारची गाडी धरावी. आटीव दूध दुसऱ्या दिवशी, मंडळाच्या गच्चीवर.