जंगल, पाऊस आणि राब

मनुष्याच्या कृतीमुळे हवामान बिघडते काय, हा वाद मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकातच पेटला होता आणि त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती ती कुऱ्हाड. झाडे तुटली की हवेतील ओलावा घटतो, झरे आटतात आणि अखेरीस पाऊसही कमी होतो, अशी ही मांडणी. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांनी १८०० साली व्हेनेझुएलातील व्हॅलेन्सिया सरोवराच्या खालावलेल्या पातळीचा संबंध भोवतालच्या जंगलतोडीशी जोडल्यापासून तिला शास्त्रीय प्रतिष्ठा लाभली होती. कंपनी सरकारचे डॉक्टर आणि पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी कोकणातील उघड्या पडत चाललेल्या डोंगरांबाबत हाच इशारा दिला, आणि १८४७ मध्ये तेच इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. मुंबईच्या गोदीला सागवान हवे होते, हेही त्या नेमणुकीमागचे कारण होते. निसर्गाची काळजी आणि लाकडाची गरज यांची सांगड अशी आरंभापासूनच घातली गेली.

पुरावा मात्र लंगडा होता. ब्रिटिश असोसिएशनपुढे १८५१ मध्ये क्लेगहॉर्न, रॉयल, बेअर्ड स्मिथ आणि रिचर्ड स्ट्रेची यांच्या समितीने जो अहवाल ठेवला, त्याचा भर पावसाच्या एकूण मानापेक्षा झरे, माती आणि जमिनीतील ओल यांवर होता. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने वाद पुन्हा तापला. त्या काळात नॉर्मन लॉकयर आणि विल्यम हंटर हे दुष्काळाचा संबंध सूर्यावरील डागांच्या चक्राशी जोडत होते, म्हणजे दोष माणसाकडून थेट आकाशाकडे नेत होते. उलट, हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८७ मध्ये मध्य प्रांतातील पर्जन्यमापनाच्या आधारे जंगले राखल्याने पाऊस वाढतो, असे दाखवण्याचा प्रयत्न केला. मोजणीची वर्षे इतकी थोडी होती की त्यांतून बहुधा हवे ते सिद्ध करता आले असते.

शास्त्रज्ञांचा निर्णय होण्याची वाट कायद्याने पाहिली नाही. १८७८ च्या वन कायद्याने जंगलांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे वर्ग पाडले, आणि राखीव जंगलात गावकऱ्यांचे पिढीजात हक्क सरकारच्या मर्जीवर आले. पुणे सार्वजनिक सभेने त्याच वर्षी याला हरकत घेतली. जंगल राखू नये, असे सभेचे म्हणणे नव्हते. गावकऱ्यांना विश्वासात घेतले आणि राखलेल्या झाडीबद्दल त्यांना बक्षीस दिले, तर ती अधिक चांगली राखली जाईल, असा तिचा युक्तिवाद होता. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये गायराने आणि डोंगर हिरावून घेणाऱ्या जंगलखात्यावर कोरडे ओढले, आणि त्याच ग्रंथात वाहून जाणारी माती व पाणी अडवण्यासाठी ताली, बंधारे घालण्याचा आग्रह धरला. जमिनीची झीज फुल्यांना दिसत होती, पण तिचे खापर शेतकऱ्याच्या माथी फोडणे त्यांना मान्य नव्हते.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत वादाचे केंद्र होते राब. भाताच्या रोपवाटिकेवर ऐनासारख्या झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, शेण आणि गवत पसरून पावसाआधी ते जाळायचे आणि भाजलेल्या जमिनीत बी पेरायचे, अशी ही पद्धत. वनाधिकाऱ्यांना ती झाडांची नासाडी वाटे. शेतकऱ्याच्या लेखी राबाशिवाय भाताचे रोप धड उभे राहत नसे. तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. रेल्वेच्या रुळांखाली गेलेल्या स्लीपरांचा हिशेब मात्र राबाइतक्या काटेकोरपणे कोणी मागितला नाही.

येथे एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. १८५१ च्या समितीतील स्ट्रेची हेच पुढे दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि १८८० च्या त्या आयोगाने असे मत दिले की अवर्षणात जंगलाचा तत्काळ उपयोग होईल तो मुख्यतः गुरांसाठी खात्रीचे चराऊ रान राखण्यापुरता. ज्या चराईसाठी जंगल जपावे असे आयोग सांगत होता, तिच्यावरच प्रत्यक्षात निर्बंध वाढत गेले. १९१० मध्ये हवामान खात्याचे गिल्बर्ट वॉकर यांनी उपलब्ध नोंदी तपासून भारताच्या हवामानात कायमचा बदल झाल्याचा पुरावा मिळत नसल्याचा निष्कर्ष काढला. तरीही राखीव जंगलांच्या सीमा मागे हटल्या नाहीत. १९३० मध्ये कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला, तोही याच हक्कांच्या प्रश्नावर.