जांबुवंताचे काम : मनोचिकित्सेची पहिली भेट आणि चंडीगडचा इतिहास

मनोचिकित्सेसाठी पहिल्यांदाच जाणारा आपल्याकडचा माणूस घरून निघताना बहुधा एकच प्रश्न मनात घेऊन निघतो : ते मला काय सांगतील? समोरच्या खुर्चीतील चिकित्सकाच्या मनात त्याच वेळी नेमका उलटा प्रश्न असतो : हे मला काय सांगतील? दोघेही एकमेकांच्या बोलण्याची वाट पाहतात. पाऊण तास असा गेला, की माणूस बाहेर पडतो, ‘त्यांनी तर काहीच सांगितले नाही’ असे घरच्यांना सांगतो आणि पुन्हा त्या दाराशी जात नाही. या फसलेल्या भेटीला मोठा इतिहास आहे आणि त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण चंडीगडमध्ये घडले.

आपली भाषाही या घोटाळ्यात सामील आहे. ‘काउन्सेलिंग’साठी आपण ‘समुपदेशन’ हा शब्द रूढ केला आणि त्याच्या पोटात ‘उपदेश’ ठेवून दिला. मग उपदेशाच्या अपेक्षेने येणाऱ्याला दोष कसा द्यावा?

बोलण्यातून उपचार ही कल्पना आधुनिक वैद्यकात आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, व्हिएन्नामध्ये. योझेफ ब्रॉयर यांच्या एका तरुण रुग्ण स्त्रीनेच तिला ‘बोलण्याचा उपचार’ असे नाव दिले. सिग्मंड फ्रॉइड यांनी त्यातून मनोविश्लेषण उभे केले. रुग्णाने कोचावर पडून मनात येईल ते बोलायचे, विश्लेषकाने त्याच्या नजरेआड बसून ऐकायचे, असे बैठकांचे सत्र अनेक महिने, कधी अनेक वर्षे चालायचे. या रचनेत रुग्ण एकटा येतो आणि चिकित्सक त्याला अनोळखी असतो, किंबहुना अनोळखी राहणे हेच त्याचे कर्तव्य मानले जाते.

भारतात ही पद्धत लवकर पोहोचली. गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्ये कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि 1931 मध्ये त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त भारतातून विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट गेली होती. तथापि हे सारे महानगरातील सुशिक्षितांच्या लहानशा वर्तुळात राहिले. सर्वसामान्यांच्या वाट्याला उरली ती उंच भिंतींआडची मनोरुग्णालये. या दोन टोकांच्या मधला रस्ता सर्वसाधारण रुग्णालयांतून निघाला. बोस यांनीच 1933 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात, तर डॉ. मसानी यांनी 1938 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मनोविकारांसाठी विभाग सुरू केला. वेड्यांचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दारातून आत जाण्याची आवश्यकता तेथे नव्हती.

चंडीगडची ‘पीजीआय’, म्हणजे पोस्टग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल एज्युकेशन अँड रिसर्च, 1962 साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे मनोविकार विभाग स्थापन झाला. तो उभा केला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी. विग यांचा जन्म 1930 साली गुजरांवाला येथे झाला. फाळणीने ते गाव पाकिस्तानात गेले. पंजाबने लाहोर गमावले म्हणून चंडीगड वसवावे लागले, हे लक्षात घेतले तर तेथे मनोविकार विभाग उभा करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतःही जन्मगाव गमावलेले असावे, यात मला एक मूक सुसंगती दिसते. ला कॉर्बुझिए यांनी आखलेल्या त्या नव्या शहराच्या सेक्टर 12 मध्ये हृदयाचे, मूत्रपिंडाचे आणि मनाचे रुग्ण एकाच फाटकातून आत येऊ लागले.

या रुग्णांचे वर्णन पाठ्यपुस्तकात नव्हते. पंजाब-हरियाणाच्या खेड्यांतून येणारा शेतकरी ‘मी उदास आहे’ असे म्हणत नसे. डोके जड झाले आहे, छातीत धडधडते, अंगात त्राण नाही, असे तो सांगे. विग यांना ही भाषा अपरिचित नव्हती. लखनौच्या दिवसांत, 1960 सालीच, त्यांनी ‘धात सिंड्रोम’ हे नाव वैद्यकीय वाङ्मयात आणले होते. लघवीवाटे धातू जाते आणि म्हणून आपण खंगत चाललो आहोत, या भयाने ग्रासलेले तरुण महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनाही नवे नाहीत. अशा तरुणाला ‘तुला काही झालेले नाही’ असे सांगून परत पाठवणे सोपे असते, पण उपयोगाचे नसते. त्याचे म्हणणे सहानुभूतीने ऐकायचे, धीर द्यायचा आणि मगच शरीरविज्ञान समजावून चुकीची समजूत दूर करायची, असा मार्ग अशा रुग्णांसाठी रूढ होत गेला. पुढे 1973 मध्ये विग आणि मानसशास्त्रज्ञ एस. के. वर्मा यांनी पीजीआयची स्वतःची आरोग्य-प्रश्नावली सिद्ध केली. तिच्यात शारीरिक तक्रारींसाठी स्वतंत्र भाग होता. रुग्ण ज्या दाराने येतो, त्याच दाराशी त्याला भेटायचे, अशी ही दृष्टी होती.

दुसरी अडचण अशी, की रुग्ण एकटा येत नसे. आई, भाऊ, नवरा, कधी गावचा सरपंच, असा गोतावळा बरोबर असे. व्हिएन्नाच्या नियमाने सर्वांना बाहेर बसवायला हवे होते. पण 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबूंत राहू दिले होते आणि रुग्ण लवकर सुधारून घरी जातात असा अनुभव घेतला होता. इकडे बंगळुरूहून सूर्या आणि जयराम यांनी 1964 मध्ये एक निरीक्षण नोंदवले. भारतीय रुग्णाला अंतर्मनातील संघर्षाचे विश्लेषण फारसे नको असते. त्याला प्रत्यक्ष परिस्थितीत आधार आणि लवकर आराम हवा असतो, आणि चिकित्सकाला तो घरातल्या वडीलधाऱ्याच्या जागी पाहतो.

मग चिकित्सकाने ही जागा घ्यावी की नाकारावी? या प्रश्नाला सर्वांत धाडसी उत्तर दिले डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी. साहित्य अकादमीने गौरवलेले हे पंजाबी कवी 1978 ते 1981 या काळात पीजीआयचे संचालक होते. त्यापूर्वी, 1973 मध्ये, अमेरिकेतील एका नियतकालिकात त्यांनी गुरू-चेला नात्याकडे उपचाराचा नमुना म्हणून पाहता येईल का, असा प्रश्न मांडला होता. पाश्चात्त्य चिकित्सेत अवलंबित्व हा दोष मानला जातो, तर आपल्या कुटुंबात एकमेकांवर विसंबणे ही नात्याची रीत असते. तेव्हा रुग्णाला आरंभी विसंबू द्यावे आणि आधाराची खात्री पटली की हळूहळू स्वतःच्या पायांवर उभे करावे, अशी त्यांची भूमिका होती.

नेकी यांचे निदान मला अचूक वाटते, उपाय मात्र काळजीपूर्वक घ्यावा असे वाटते. गुरू समर्पण मागतो. चिकित्सकाला ते मागण्याचा अधिकार नाही. गुरूला जाब विचारला जात नाही. चिकित्सकाला विचारता आलाच पाहिजे, आणि न पटल्यास रुग्णाला उठून दुसरीकडे जाताही आले पाहिजे. नात्यातील हे सत्तेचे माप दृष्टिआड झाले, तर उपचाराच्या नावाखाली नवी गादीच निर्माण व्हायची.

पीजीआयमधील डॉ. विजॉय वर्मा यांनी 1982 मध्ये भारतातील मनोचिकित्सेच्या स्थितीचा विस्तृत आढावा घेतला. त्यांची मांडणी नेकींपेक्षा अधिक व्यावहारिक होती. आपल्याकडील चिकित्सकाने मूक श्रोता न राहता अधिक सक्रिय व्हावे, उपचार तुलनेने अल्पकाळाचा ठेवावा, आधार देण्यावर भर असावा, वेळापत्रकात लवचीकपणा असावा आणि रुग्णाच्या श्रद्धांशी उगाच भांडण मांडू नये, असा त्यांचा रोख होता. योगायोगाने जगातही वारे त्याच दिशेला वळले होते. ॲरन बेक यांची बोधात्मक चिकित्सा, जिच्यात चिकित्सक प्रश्न विचारतो, रुग्णाबरोबर विचारांची तपासणी करतो आणि घरी करायला अभ्यास देतो, 1960 च्या दशकापासून आकार घेत होती.

आज आपण पहिल्या भेटीला जाता तेव्हा या इतिहासाच्या खुणा प्रत्यक्ष दिसतात. कोच नसतो, समोरासमोर दोन खुर्च्या असतात. बहुतेक वेळ प्रश्नोत्तरांत जातो : त्रास कधीपासून आहे, झोप-भूक कशी आहे, घरात कोण कोण आहे, पूर्वी काही आजार होता का, कोणती औषधे चालू आहेत. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारले जाते. या प्रश्नाने दचकू नये. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट कित्येकांना तो पहिल्यांदाच बोलून दाखवता येतो. पीजीआयसारख्या मोठ्या संस्थेत आधी थोडक्यात तपासणी होते आणि सविस्तर मुलाखत नंतर घेतली जाते. त्यामुळे पहिल्या दिवशी ‘उपचार’ असे काही घडलेच नाही, असे वाटू शकते. ती माहिती गोळा करणे हाच पहिला टप्पा असतो.

आपणही विचारावे. चिकित्सकाचे शिक्षण काय, त्यांची पद्धत कोणती, साधारण किती बैठका लागतील, शुल्क किती, भेट चुकली तर काय. बैठक बहुधा 45 ते 50 मिनिटांची आणि आठवड्यातून एकदा असते. औषध लागेल असे वाटल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले जाते, कारण मानसशास्त्रज्ञ औषधे लिहून देत नाहीत. नातेवाइकांना आत घ्यायचे की नाही, हे प्रौढ रुग्णाने ठरवायचे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. कोणाच्या जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश असणे असे मोजके अपवाद त्याला आहेत. ते पहिल्याच भेटीत समजून घेतलेले बरे, म्हणजे पुढे फसवणूक झाल्यासारखे वाटत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत बरे वाटण्याऐवजी जड वाटू शकते. झाकलेले उघडले की ते बोचतेच. चिकित्सकाशी सूर जुळत नसेल तर तेही त्यांना सांगावे. उपचाराचे ध्येय, करायची कामे आणि परस्परांमधला विश्वास या तीन गोष्टींवर एकमत असण्याला एडवर्ड बोर्डिन यांनी 1979 मध्ये उपचारातील सहकार्याचा पाया मानले होते. त्यानंतरच्या संशोधनातही या सहकार्याचा फलिताशी संबंध पुन्हा पुन्हा आढळला आहे. त्रास असह्य होऊन थांबणे शक्य नसेल, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ या 14416 क्रमांकावर बोलता येते.

विग यांनी निवृत्तीनंतर, 2004 मध्ये, एक छोटेखानी लेख लिहिला. त्याचा विषय होता हनुमान. लहानपणी ऋषींना छळल्यामुळे त्याला शाप मिळाला, की कोणी आठवण करून देईपर्यंत स्वतःचे बळ त्याला आठवणार नाही. समुद्रकाठी सारे वानर हताश बसले असताना तो एका बाजूला गप्प होता. जांबुवंत त्याच्यापाशी गेला आणि त्याला त्याची ओळख करून दिली. विग यांनी या अवस्थेला ‘हनुमान गंड’ म्हटले आणि मनोचिकित्सकाचे काम जांबुवंताचे आहे, असे सुचवले. अकरा मारुतींच्या महाराष्ट्राला हा दाखला समजावून सांगावा लागू नये.

मला त्या प्रसंगातील तपशील अधिक बोलके वाटतात. जांबुवंत उपदेश करत नाही. तो हनुमानाला त्याचीच कहाणी, अगदी जन्मापासून, पुन्हा सांगतो. तो वडीलधारा आहे, पण समर्पण मागत नाही. बळ तो देत नाही आणि समुद्रही तो ओलांडत नाही. वाल्मीकींच्या कथेत तो एवढेच म्हणतो, की तू परत येईपर्यंत आम्ही सारे एका पायावर उभे राहून तुझी वाट पाहू.