केंब्रिजची अर्थशास्त्र ट्रायपॉस : उद्दिष्टे आणि मूल्यमापन

केंब्रिज विद्यापीठात १९०३ पर्यंत अर्थशास्त्राला पदवीचा स्वतंत्र विषय म्हणून स्थान नव्हते. अल्फ्रेड मार्शल १८८५ मध्ये तेथे प्राध्यापक झाले तेव्हा हा विषय मुख्यतः नैतिक शास्त्रांच्या ट्रायपॉसमध्ये, म्हणजे सन्मान पदवी परीक्षेत, तत्त्वज्ञान व तर्कशास्त्र यांच्या जोडीने अभ्यासला जाई. इतिहासाच्या परीक्षेतही त्याला थोडी जागा होती. अर्थशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा बराच काळ इतर विषयांच्या तयारीत जातो, हा मार्शल यांचा आक्षेप होता.

१९०२ मध्ये त्यांनी स्वतंत्र अभ्यासक्रमाची मागणी लेखी मांडली आणि पुढील वर्षी ती मान्य झाली. भावी अर्थतज्ज्ञांबरोबरच उद्योग व सार्वजनिक कारभार सांभाळणाऱ्यांनाही या शिक्षणाचा उपयोग व्हावा, अशी त्यांची अपेक्षा होती. सिद्धांत म्हणजे तयार सत्यांचा संग्रह नसून सत्यशोधनाचे साधन होय, ही त्यांची १८८५ पासूनची भूमिका. उद्दिष्ट असे विचारशक्तीचे. मापन मात्र ठरावीक वेळेत लिहिलेल्या उत्तरपत्रिकांचे. ही विसंगती नवी ट्रायपॉसही मिटवू शकली नाही.

अशा मापनाची अनिश्चितता मार्शल यांच्या घरातच ठाऊक होती. त्यांच्या पत्नी मेरी पॅली यांनी १८७४ मध्ये नैतिक शास्त्रांची परीक्षा अनौपचारिकरीत्या दिली. चार परीक्षकांपैकी दोघांनी त्यांना प्रथम श्रेणी दिली, तर दोघांनी द्वितीय. पुढे त्यांनी न्यूनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविले. १८८१ पासून स्त्रियांना ट्रायपॉस रीतसर देता येऊ लागली. पूर्ण पदवीसाठी मात्र १९४८ उजाडावे लागले. मार्शल स्वतः १८९० च्या दशकात या मागणीच्या विरोधात उभे राहिले, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांनाही नाकारता येत नाही.

जॉन मेनार्ड केन्स यांचे उदाहरण वेगळे आहे. १९०५ मध्ये गणिताची ट्रायपॉस पूर्ण करून त्यांनी काही काळ मार्शल यांच्याकडे अर्थशास्त्राचा अभ्यास केला. मार्शल यांनी आग्रह धरूनही ते नव्या परीक्षेस बसले नाहीत. १९०६ च्या सनदी सेवा परीक्षेत ते एकूण गुणांनुसार दुसरे आले, परंतु अर्थशास्त्रात त्यांना तुलनेने कमी गुण मिळाले. परीक्षकांपेक्षा आपणास तो विषय अधिक कळतो, असे त्यांचे मत पडले! १९०८ मध्ये मार्शल निवृत्त झाले. १९०९ च्या आरंभी केन्स केंब्रिजमध्ये अर्थशास्त्राची व्याख्याने देऊ लागले. स्वतः कधीही न दिलेल्या परीक्षेसाठी ते विद्यार्थी तयार करीत होते.