दहा घरांची मूठ

किराणा भरताना कार्डावर जमणारे पॉइंट, ऑनलाइन खरेदीनंतर परत येणारा कॅशबॅक, पेट्रोल पंपावरची सूट हे सगळे खर्चून न टाकता मुलांच्या कॉलेजसाठी बाजूला काढावे, असा सल्ला हल्ली शहरांतल्या मराठी आईबापांना मिळतो. अमेरिकेत त्याची रीतसर व्यवस्थाच आहे. तिथल्या करकायद्याने १९९६ मध्ये उच्च शिक्षणासाठी करसवलतीची खाती मान्य केली आणि काही वर्षांतच ‘यूप्रॉमिस’ नावाची कंपनी उभी राहिली. ठरावीक दुकानांत केलेल्या खरेदीचा लहानसा टक्का ती मुलाच्या शिक्षणाच्या खात्यात वळवू लागली. कल्पना आधुनिक वाटते. पण रोजच्या व्यवहारातून चिमूटभर काढून शिक्षण उभे करण्याचा फार मोठा प्रयोग आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या मुलखात शंभर वर्षांपूर्वीच झाला आहे. तो नीट तपासला तर दिसते की ही चिमूट कामाला आली ती अनेक घरांची एकत्र झाली म्हणून, आणि देणाऱ्याला तिचा हिशेब डोळ्यांसमोर दिसत होता म्हणून. यातली एक जरी अट सुटली तरी पैसा जमत राहतो, शिक्षण मात्र महाग होते.

सुरुवात वारणेकाठच्या दूधगावची. १९०९-१० च्या सुमारास भाऊराव पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला. भाऊराव तेव्हा विशीतले होते. कर्मवीर ही पदवी, रयत शिक्षण संस्था, वडाचे बोधचिन्ह हे सगळे अजून पुढे होते. आश्रमाला ना इनाम होते, ना सरकारी मदत. आजूबाजूच्या गावांतून शिकायला आलेल्या मुलांना जेवायला घालायचे कसे, हा प्रश्न मुष्टिफंडाने सोडवला. घरातल्या बाईने दळणाचे धान्य काढताना त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकायची, आणि जमलेले धान्य आश्रमात जायचे. या योजनेचे मर्म तिच्या वेळेत आहे. धान्य घरात भरपूर असताना दान मागितले जात नव्हते, की वर्षाच्या शेवटी उरलेले मागितले जात नव्हते. माप हातात असतानाच मूठ निघत होती, म्हणून तिची ओढ कोणाला जाणवत नसे. आणि ती मूठ काढायची म्हणून कोणी जास्त दळत नव्हते. जेवढे लागणार तेवढेच दळण, त्यातूनच मूठ. कार्डावरच्या पॉइंटांशी तुलना करताना हा फरक विसरून चालणार नाही.

शिकणाऱ्याला गावाने धान्य द्यावे, ही रीत काही भाऊरावांनी शोधली नाही. गावच्या पंतोजीला धान्यच मिळे. वेदशाळेतला विद्यार्थी माधुकरी मागे, गरीब ब्राह्मण मुलगा शहरात वार लावून जेवे. पण त्या रीतीत देणाऱ्याला घेणारा दिसत असे, त्याची जात दिसत असे, आणि दिसत होती म्हणूनच दान होत असे. मुष्टिफंडाने ही गाठ सोडवली. शंभर घरांचे जोंधळे एका कणगीत पडले की कोणाच्या घरची भाकरी कोणाच्या पोटात गेली हे सांगता येत नाही. भाऊरावांच्या वसतिगृहांत सगळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसली, त्यामागे सत्यशोधक विचार होता हे खरेच. पण त्या विचाराला पाया मिळाला तो या सामाईक धान्याचा. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी सत्यशोधक परिषदेत रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली, आणि २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते तिथल्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. या सगळ्या वाटचालीत दूधगावची ती रीत आत मुरलेली होती.

मुठीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मूठ ५० ग्रॅमची धरली आणि दिवसाला एकच धरली, तर एका घरातून वर्षाला सव्वाअठरा किलो धान्य निघते. वाढत्या वयाच्या मुलाला दिवसाला अर्धा किलो धान्य लागते असे मानले, तर त्याची वर्षाची गरज साधारण १८२ किलोंची. म्हणजे दहा घरांची मूठ एका मुलाला वर्षभर जेवू घालते. एका घराची मूठ त्या घरच्या मुलाला जेमतेम सव्वा महिना पुरेल. मुष्टिफंडाचे सगळे बळ या एकास दहाच्या गणितात होते. प्रत्येक घराने आपापल्या पोरासाठी मूठ साठवायची ठरवली असती, तर एकही पोर बाहेरगावी शिकायला राहू शकले नसते.

यावर जाणकारांचा आक्षेप ठाऊक आहे. ते म्हणतात, रयत मुठीवर चालली ही भाबडी समजूत आहे. ती चालली देणग्यांवर, संस्थानिकांच्या मदतीवर, सरकारी अनुदानावर आणि भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या दागिन्यांवर. यात तथ्य आहे. वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे सोने मोडले, मंगळसूत्रसुद्धा, आणि १९३० मध्ये त्या गेल्या. तो त्याग कोणत्याही फंडाच्या हिशेबात बसत नाही. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ मध्ये कराडचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. एवढा पसारा जोंधळ्यावर उभा राहत नाही. तरीही मुठीने जे केले ते देणगीने झाले नसते. मुंबई प्रांताच्या खेर मंत्रिमंडळाच्या काळात संस्थेचे अनुदान थांबले, तेव्हा रयत मोडून पडली नाही. अनुदान गेले तरी शाळा आपली आहे, असे म्हणणारी गावे पाठीशी होती. असा हक्क मोठ्या देणगीदाराच्या संगमरवरी पाटीने तयार होत नाही. ज्या घराने रोज काही दिले आहे त्याच घरात तो तयार होतो. ‘कमवा आणि शिका’ योजनेत विद्यार्थी शेतात राबून स्वतःच्या शिक्षणाचा वाटा उचलू लागले, तेव्हा हा हक्क घेणाऱ्याच्याही वाट्याला आला.

त्याच काळात याच मुलखात दुसरीही एक कपात चालू होती आणि तिचा अनुभव नेमका उलटा होता. गूळ-हळदीच्या पेठांत शेतकऱ्याचा माल विकला गेला की त्याच्या हातात हिशेबाची पट्टी पडे. तिच्यात अडत असे, हमाली असे, तोलाई असे, आणि धर्मादायही असे. गोशाळा, देऊळ, पाठशाळा यांच्या नावाने मालामागे काही पैसे कापले जात. कापणारा व्यापारी, खर्च कुठे करायचा हे ठरवणारा व्यापारी, पुण्यही त्याच्याच नावावर. ज्याचा माल तो मात्र पट्टीवरचा आकडा वाचण्याइतकाही शिकलेला नसे. १९२८ च्या शाही शेती आयोगाच्या अहवालात बाजारातल्या अशा कपातींवर कडक टीका आहे, आणि पुढे मुंबई प्रांताचा १९३९ चा बाजार कायदा व महाराष्ट्राचा १९६३ चा कृषी उत्पन्न बाजार समिती कायदा यांनी मनमानी कपातींना आळा घातला. धर्मादायाचा पैसा काही ठिकाणी चांगल्या कामाला लागलाही असेल. पण व्यवहारातून निघालेली चिमूट ही योजना म्हणून मुष्टिफंड आणि धर्मादाय एकसारखेच दिसतात. फरक पडतो तो संमतीने आणि हिशेबाने.

खरेदीवर परतावा देण्याची कल्पनाही मुळात दुकानदारांची नव्हे, ग्राहकांची. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावच्या २८ कामकरी सभासदांनी १८४४ मध्ये स्वतःचे दुकान काढले. बाजारभावाने विकायचे, खर्च भागवून जे उरेल ते ज्याची जेवढी खरेदी त्या प्रमाणात सभासदांना परत करायचे, असा त्यांचा नियम होता. त्याच दुकानाने नफ्याचे अडीच टक्के शिक्षणासाठी वेगळे ठेवले आणि त्यातून सभासदांसाठी वाचनालय चालवले. एकाच उरलेल्या पैशाचे दोन वाटे झाले, एक घराच्या खिशात आणि एक सगळ्यांच्या. भारतात १९०४ च्या कायद्याने सहकार आला तो पतपेढ्यांपुरता. १९१२ च्या कायद्याने इतर संस्थांची वाट मोकळी झाली. सातारा-सांगलीत ग्राहक भांडारे निघाली, पण इथल्या सहकाराचा प्राण दुकानात कधीच नव्हता. तो ऊस आणि दूध यांत होता. म्हणून ‘जेवढा व्यवहार तेवढा परतावा’ हे तत्त्व इथे विक्रीच्या बाजूने रुजले. जेवढा ऊस घातला तेवढा अंतिम दर, जेवढे दूध घातले तेवढा दिवाळीचा फरक.

उसाच्या बिलातून शिक्षणाकडे पैसा वळला, हा या कथेतला सर्वांत भरघोस आणि सर्वांत दुखरा भाग. सांगलीचा शेतकरी कारखाना, रेठरे बुद्रुकचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापूंचा, असे कारखाने पन्नाशीच्या दशकापासून उभे राहत गेले आणि त्यांच्याभोवती शाळा, वसतिगृहे, कॉलेजे आली. सभासदाच्या टनामागे होणाऱ्या कपातीला, बिनपरतीच्या ठेवीला त्याने सुरुवातीला फारशी हरकत घेतली नाही, कारण शाळा त्याच्या शिवारातच दिसत होती. मग १९८३ साल आले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. त्यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच वर्षी साखराळे आणि बुधगाव इथे अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली, पुढच्याच वर्षी कराडला वैद्यकीय महाविद्यालय. या निर्णयाला सरसकट दोष देणे मला पटत नाही. त्याआधी सांगलीच्या वालचंद कॉलेजात प्रवेश न मिळालेला मुलगा कर्नाटकाची वाट धरत होता. पैसा बाहेर जात होता आणि मुली तर जातच नव्हत्या.

पण या वळणावर मुष्टिफंडाच्या दोन्ही अटी सैल झाल्या. एखाद्या कारखान्यापुरती ही गोष्ट नाही, साऱ्या पश्चिम महाराष्ट्राची आहे. कारखाना सहकारी संस्था. त्याच्या सभासदाला मत आहे, वार्षिक सभेत ताळेबंद मागण्याचा अधिकार आहे. शिक्षण संस्था मात्र बहुतेक वेळा सार्वजनिक न्यास म्हणून वेगळी नोंदवली जाते, आणि ऊस घातला म्हणून कोणी न्यासाचा सभासद होत नाही. ज्या भागाच्या उसावर संस्थांना जमीन, इमारत, वजन मिळाले, त्याच भागातला शेतकरी प्रवेशाच्या खिडकीशी इतरांसारखाच शुल्क भरणारा पालक झाला. शेतकरी संघटनांनी ऊसबिलातल्या कपातींविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवला तो याच ठसठशीतून. तो राग शिक्षणावरचा नव्हता. आपल्या मुठीचा माग लागत नाही, हे त्याचे कारण होते.

तेव्हा आजचा पालक म्हणेल: संस्थांवर विश्वास उरला नसेल, तर माझ्या खरेदीचे पॉइंट माझ्याच मुलाच्या नावावर ठेवण्यात वाईट काय? काहीच वाईट नाही, पण त्यातून काय होते ते मोजावे. महिन्याला १०,००० रुपयांची खरेदी आणि १ टक्का परतावा धरला तर महिना १०० रुपये सुटतात. ते दर महिन्याला ७ टक्के व्याजाने ठेवले तर पंधरा वर्षांनी ३०,००० रुपयांच्या थोडे वर जातात. विनाअनुदान अभियांत्रिकीचे एका वर्षाचे शुल्कच लाखाच्या घरात आहे. हीच रक्कम पिग्मीत किंवा सुकन्या समृद्धी खात्यात नेमाने भरणाऱ्या आईला दुकानाच्या कार्डाची गरज नाही. शिवाय परतावा फुकट येत नाही. तो मालाच्या किमतीत आधीच धरलेला असतो, आणि कार्ड काढण्यामागचा दुकानाचा हेतू खरेदी वाढावी हाच असतो. पॉइंटांसाठी ५०० रुपयांचे जादा सामान घेणारा गृहस्थ मुलासाठी पाच रुपये वाचवतो. दूधगावच्या बाईने मुठीसाठी कधी जादा दळले नाही, हे वर सांगितले ते यासाठी.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: शिक्षणाचा भार आता शासनाने उचलला आहे, मग मुठीची भाषा कशाला? शासनाने बरेच उचलले हे मान्य. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची माफी मिळते. पण माण, खटाव, आटपाडी किंवा जत तालुक्यातली मुलगी साताऱ्याला, सांगलीला, पुण्याला शिकायला निघाली की अडते ती खोलीच्या भाड्यावर, खानावळीवर, एसटीच्या पासावर. शुल्क माफ होऊनही प्रवेश सोडायची वेळ येते ती इथे. दूधगावच्या आश्रमापुढे १९१० मध्ये हाच प्रश्न होता. शिकवणारे होते, शिकायची इच्छा होती, जेवण नव्हते.

आणि त्यासाठी लागणारे माप या दोन जिल्ह्यांत आजही रोज सकाळ-संध्याकाळ हातात घेतले जाते, दूध संस्थेत. दिवसाला २,००० लिटर दूध गोळा करणारी गावची संस्था धरा. लिटरमागे १० पैसे बाजूला काढले तर दिवसाला २०० आणि वर्षाला ७३,००० रुपये होतात. महिन्याला ३,००० रुपयांची खानावळ धरली तर दोन मुलींचे दहा महिने त्यात निघतात आणि वर १३,००० रुपये उरतात. त्या मुली कोणाच्या घरच्या, किती म्हशींच्या, कोणत्या आळीतल्या, हे मूठ देणाऱ्याने विचारायचे कारण नाही; पैसे कुठे गेले हे मात्र त्याने विचारलेच पाहिजे. त्यासाठी नवा न्यास नको, नवे नाव नको. ३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सभेत ठराव घ्यावा, दिवाळीच्या फरकाच्या यादीत या कपातीचा वेगळा रकाना असावा, ज्याला द्यायचे नसेल त्याचे नाव बिनबोभाट वगळावे, आणि ठराव एका वर्षापुरताच असावा, म्हणजे पुढच्या सप्टेंबरात संचालकांना तो पुन्हा मांडून, हिशेब वाचून दाखवून मंजूर करून घ्यावा लागेल.