पहिल्या बोलपटाचा नायक

मोबाईलवर 'आलम आरा' शोधून बघा. थोडे कृष्णधवल फोटो सापडतील. त्याच फोटोंमागे संगीत लावून केलेले व्हिडिओही सापडतील. सिनेमा मात्र सापडणार नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या भारताच्या या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

त्याचा नायक होता मास्टर विठ्ठल. मूकपटांतला स्टंटचा राजा, तलवारबाजीत तरबेज. लोक त्याला भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. शारदा कंपनीशी करार असताना तो अर्देशीर इराणींच्या इंपीरियलकडे गेला आणि प्रकरण कोर्टात पोचलं. त्याचे वकील होते महंमद अली जिना! खटला विठ्ठलने जिंकला. पण एवढा आटापिटा करून मिळालं काय, तर बोलपटात जवळपास मुकी भूमिका. त्याला उर्दू संवाद नीट जमेनात, म्हणून त्याचं पात्र बराच वेळ गुंगीत ठेवलं, असं सांगतात.

२००३ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाच्या आगीत 'आलम आरा' जळाला, असं अजूनही फॉरवर्ड होत असतं. संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी ते खोडून काढलं होतं. त्यांच्या म्हणण्यानुसार ती प्रत तिथे कधी आलीच नव्हती. संग्रहालय स्थापन झालं १९६४ मध्ये. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकअप घ्यायचं ठरेपर्यंत तेहतीस वर्षं उलटली होती. नायट्रेटच्या फिती आपोआप कुजतात, भसकन पेटतात. शिवाय त्यांच्यात चांदी असते, त्यामुळे जुनी रिळं सरळ भंगारात विकली जात.

पण मला खरी चुटपुट 'आलम आरा'ची नाही. तो उद्या कुठे सापडला, तरी त्यात गुंगीतला विठ्ठलच दिसेल. त्याची खरी कला होती धावण्यात, उडी मारण्यात, तलवार फिरवण्यात, आणि ती होती मूकपटांत. भारतात तेराशेच्या वर मूकपट बनले. त्यांतले मोजकेच उरलेत, तेही बरेचसे तुकड्यांत. ते शोधायला कोणी निघत नाही, कारण त्यांना 'पहिला' हे बिरूद नाही.

विठ्ठल पुढे अनेक वर्षं लहानसहान भूमिका करत राहिला. १९६९ मध्ये तो गेला. प्रभातचा १९४४ चा 'रामशास्त्री' टिकलाय, आणि त्यात तो आहे. नायक अर्थातच गजानन जागीरदार. विठ्ठलला बघायचं असेल, तर श्रेयनामावलीत आधी त्याचं नाव शोधावं लागतं.