बालकांची डिजिटल सुरक्षितता : पालकांची भूमिका

मोबाइल, टॅब, स्मार्ट टीव्ही आणि ऑनलाइन खेळ वापरणाऱ्या लहान मुलांना अयोग्य दृश्ये, अनोळखी माणसांची फूस, पैशांचे नुकसान आणि खासगी माहितीचा गैरवापर यांपासून जपणे म्हणजे बालकांची डिजिटल सुरक्षितता. कायदा आणि तंत्रज्ञान यांची मदत होते, पण ही जबाबदारी मुख्यतः घरातल्या मोठ्यांवर पडते.

पहिला प्रश्न वेळेचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाखालील बाळाला पडदा अजिबात दाखवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि तोही जितका कमी तितका बरा. घास उतरावा म्हणून रोज लावला जाणारा व्हिडिओही या हिशेबात धरायचा असतो. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये यावर सामूहिक तोड काढली. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. मुले अभ्यासाला बसतात. हा नियम मोठ्यांनाही लागू आहे आणि त्यातच त्याचे बळ आहे.

दुसरा भाग उपकरणावरील नियंत्रणाचा. यूट्यूब किड्समध्ये मुलांसाठी शोधाची सोय बंद करता येते, किंवा पालकांनी निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी व्यवस्था करता येते. मात्र पालकांच्या सेटिंगमध्ये शिरण्यासाठी हे अ‍ॅप गुणाकाराचे उदाहरण विचारते. पाढे पाठ असलेले मूल ते सहज सोडवते, म्हणून तिथे स्वतःचा पासकोड ठेवावा. प्ले स्टोअरमधील प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावावा आणि यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. त्यात मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई असून या तरतुदींच्या भंगासाठी २०० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. खाते उघडताना पालकांनीच मुलाचे जन्मसाल खोटे भरले, तर हे संरक्षण घरातच निकामी होते.

नियंत्रणाची साधने अपुरी पडतात ती अनोळखी माणसापुढे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईतील सायबर जागृती कार्यक्रमात अभिनेते अक्षय कुमार यांनी घरचा अनुभव सांगितला : ऑनलाइन खेळताना समोरच्या अनोळखी खेळाडूने त्यांच्या मुलीकडे नग्न छायाचित्र मागितले, तिने खेळ बंद केला आणि लगेच आईला सांगितले. मूल असे सांगू शकते, कारण सांगितल्यावर ओरडा बसणार नाही याची त्याला खात्री असते. मोबाइल काढून घेतला जाईल या भीतीने गप्प बसलेले मूल धमकावणाऱ्याच्या पुरते हाती सापडते.

असा प्रकार घडल्यास मुलाला दोष न देता संभाषण, खात्याचे नाव आणि वेळ यांची नोंद जपावी. मुलाचे आक्षेपार्ह छायाचित्र पुरावा म्हणूनही कुणाला पुढे पाठवू नये. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि संकटातील बालकांसाठी १०९८ हे मदत क्रमांक आहेत. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या ऑनलाइन मजकुराची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही नोंदवता येते.