टेनेसीची ताठरणारी शेळी
* अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातली ही जात. १८८०च्या दशकात जॉन टिन्स्ली नावाचा एक फिरस्ता मजूर मार्शल परगण्यात चार शेळ्या घेऊन आला आणि जाताना त्या तिथल्या एका डॉक्टरला विकून गेला. आजचा वंश त्यांच्यापासूनचा मानतात. दचकली की हिचे पाय लाकडासारखे ताठ होतात आणि ती धाडकन आडवी पडते, पण शुद्ध हरपत नाही. काही सेकंदांत उठून पुन्हा चरू लागते. वयस्क शेळ्या तर पाय फाकवून तोल सांभाळायलाही शिकतात. स्नायूंतल्या क्लोराइड-वाहिनीतल्या जन्मजात दोषामुळे आखडलेला स्नायू चटकन सैल होत नाही. माणसांतल्या अशाच विकाराच्या अभ्यासाला या शेळ्यांची मोठी मदत झाली. मौजेखातर तिला घाबरवणे मात्र निव्वळ क्रौर्य. शेतकऱ्यांनी ती जपली ती दोन कारणांनी: अंगाने भरदार, आणि कुंपण ओलांडून पळत नाही.